मोटारीतील ऊब व तिच्या दुरुस्तीचा खटाटोप

देवगाव रंगारीसारख्या गावी राहणाऱ्या मनुष्याने मोटारीतील हवा गरम करणाऱ्या यंत्राविषयी विचार करावा, हे प्रथमदर्शनी कोणासही विचित्र वाटेल. वैशाखात आपल्या कन्नड तालुक्यातील जमीन तव्यासारखी तापते, गुरे बाभळीच्या सावलीचा आश्रय घेतात, आणि मनुष्य माठातील पाण्याकडे धाव घेतो. अशा मुलखात गाडीत बसून ऊब कोणास हवी? परंतु हा प्रश्न जितका साधा दिसतो तितका तो नाही. मोटारीतील हीटर म्हणजे गाडीला वरून लावलेला एखादा अलंकार नव्हे. इंजिनाचा जीव ज्या पाण्यावर अवलंबून असतो त्याच पाण्याच्या वाटेवरील तो एक मुक्काम आहे. तो बिघडला म्हणजे पुष्कळदा ती साऱ्या वाटेवरील बिघाडाची पहिली सूचना असते. म्हणून या लेखात हीटर काय आहे, तो का बिघडतो, त्याच्या दुरुस्तीस इतका खटाटोप का पडतो, आणि तो खटाटोप कमी करावयाचा तर विचार कोणत्या क्रमाने करावा, हे पाहावयाचे आहे.

१. उष्णता येते कोठून?

पेट्रोल जळते तेव्हा इंजिनाच्या नळकांड्यात क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसहून अधिक उष्णमान निर्माण होते. अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, हे तुम्ही शास्त्राच्या पुस्तकात वाचलेच असेल. तेव्हा ही उष्णता सतत काढून नेली नाही, तर अॅल्युमिनियमचे दट्टे थोड्याच वेळात निकामी होतील हे उघड आहे. जळलेल्या इंधनातील शक्तीपैकी स्थूलमानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश शक्ती चाके फिरविण्याच्या कामी येते. सुमारे एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते, व जवळजवळ तितकीच थंड करणाऱ्या पाण्यात उतरते.

येथे एक लहानसे गणित करून पाहू. एक लिटर पेट्रोल जळले असता सुमारे ७,७०० किलोकॅलरी उष्णता उत्पन्न होते. तिचा तिसरा हिस्सा म्हणजे सुमारे २,५०० किलोकॅलरी पाण्यात गेली असे धरा. एक लिटर पाण्याचे उष्णमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी लागते. म्हणजे २० अंशांचे एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास ८० किलोकॅलरी लागतील. आता २,५०० ला ८० ने भागा. उत्तर ३१ च्या आसपास येते. याचा अर्थ असा की, एक लिटर पेट्रोल जाळताना इंजिन जी उष्णता पाण्यात टाकून देते, तेवढ्या उष्णतेत ३१ लिटर पाणी उकळीला येईल. घरच्या सर्व मंडळींच्या चहाला पुरून उरेल इतके हे पाणी झाले! ही टाकाऊ उष्णता हिवाळ्यात प्रवाशांच्या उपयोगी का आणू नये, या एका साध्या विचारातून मोटारीतील हीटर जन्मास आला.

२. पाण्याचा फेरा

मोटारीतील पाण्याचा प्रवास आपल्या शेतातील पाटाप्रमाणे ठरलेल्या वाटेनेच होतो. पंप पाण्यास ढकलतो. ते इंजिनाच्या भिंतींतील पोकळ्यांतून फिरून तापते. तेथून पुढच्या बाजूस असलेल्या रेडिएटरमध्ये येते. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची व पातळ पत्र्यांची एक जाळी होय. तिच्यातून वारा वाहिला म्हणजे पाणी निवते व पुनः इंजिनाकडे जाते. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्ड कंपनीच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाड्यांपैकी बहुतेकांत हा पंपसुद्धा नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी जड म्हणून खाली येते, एवढ्याच नियमावर तो फेरा चालत असे.

या वाटेवर एक द्वारपाल बसविलेला असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापते. आणि पाणी सामान्यतः ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान पोहोचले की त्याच्या आतील मेण फुगून दार उघडते. कोणी सांगावयास नको, वीज नको. केवळ मेणाच्या प्रसरणावर हे काम चालते.

याच फेऱ्यातून गरम पाण्याची एक फाटा-नळी निघून डॅशबोर्डच्या मागे जाते. तेथे तळहातापेक्षा थोडा मोठा असा एक छोटा रेडिएटर असतो. मिस्त्री लोक यास ‘हीटर कॉइल’ म्हणतात. त्यावरून पंखा हवा फेकतो; हवा तापून आत येते, व पाणी दुसऱ्या नळीने परत इंजिनाकडे जाते. सारांश, पुढचा मोठा रेडिएटर ऊब जगाला वाटून टाकतो आणि हा धाकटा ती घरच्यांना देतो.

प्रारंभीच्या मोटारींस छप्परही धड नसे, तेव्हा ऊब टिकणार कशी? पुढे बंद गाड्या आल्यावर धुराच्या नळीभोवतालची तापलेली हवा आत घेण्याचे प्रयोग झाले. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची ताजी हवा गाळून व गरम पाण्याच्या जाळीवर तापवून आत सोडण्याची व्यवस्था प्रचारात आणली. पुढे निघालेल्या बहुतेक गाड्यांत हेच तत्त्व दिसते. आपल्याच जिल्ह्यातील शेंद्रा येथे २००१ साली स्कोडा या झेक कंपनीच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. ज्या देशात हिवाळ्यात पाणी गोठते त्या देशातील कारागिरांना हीटर ही चैन नसून गरज वाटते. आणि तीच रचना मग मराठवाड्याच्या उन्हातही आपल्यासमोर येते.

३. आपल्याकडे तो का बिघडतो?

जी वस्तू वापरात नसते ती गंजते, हा नियम विळ्यास लागू आहे तसाच हीटरलाही. आपल्याकडे हीटरची कळ वर्षातून आठ-दहा दिवस फिरत असेल. ज्या गाड्यांत हीटरच्या वाटेवर पाणी अडविणारी तोटी असते, त्यांत उरलेल्या दिवसांत तेथील पाणी साचून राहते व गाळ तळाशी बसतो.

दुसरे कारण आपल्या विहिरींत आहे. दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपणाऱ्या पाण्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापविण्याच्या भांड्यात जो पांढरट थर बसतो तो याच क्षारांचा. प्रवासात रेडिएटर रिकामा झाला की चालक जवळच्या विहिरीचे किंवा हापशाचे पाणी ओतून मोकळा होतो. अडचणीच्या वेळी यात दोष नाही. परंतु तेच पाणी वर्षानुवर्षे राहिले तर तोच थर इंजिनाच्या पोकळ्यांत व हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तो उष्णतेस अडवितो आणि पाण्याची वाटही अडवितो. म्हणून शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी व कूलंट यांचे कंपनीने सांगितलेले मिश्रण घालणे हेच योग्य. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव व गंज न चढू देणारी द्रव्ये असतात. निम्मे पाणी व निम्मा ग्लायकॉल असे मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मात्र हा द्रव चवीस गोड व पोटात गेल्यास विषारी आहे. लहान मुले व जनावरे यांपासून तो दूर ठेवावा, व रिकामा डबा घरात पाण्यासाठी कधीही वापरू नये. पालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात धरावी.

तिसरे कारण आपल्या चतुराईत आहे. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकावयाची, हा उपाय आपल्या रस्त्यांवरील चालकांत चांगलाच परिचित आहे. हळदीची पूड फुगून छिद्रात बसते व गळती काही काळ थांबते, हे खरे. परंतु हळदीला चांगले छिद्र कोणते व वाईट कोणते हे कळत नाही. जी पूड गळणारे भोक बुजविते तीच हीटरच्या काडीएवढ्या नळ्याही बुजवू शकते. रात्रीच्या वेळी आडरानातून घर गाठण्यापुरता हा उपाय क्षम्य आहे. घरी पोहोचल्यावर मात्र रेडिएटर दुरुस्त करून सर्व वाट धुऊन घ्यावी.

४. परीक्षा कोणत्या क्रमाने करावी?

हीटरमधून थंड हवा येऊ लागली की पुष्कळ लोक एकदम ‘कॉइल गेली’ असा निकाल देतात. वैद्याने नाडी न पाहता शस्त्रक्रिया सांगावी तसे हे झाले. सोप्याकडून कठीणाकडे, स्वस्ताकडून महागाकडे, हा परीक्षेचा खरा क्रम होय.

पहिली परीक्षा पाण्याच्या पातळीची. ती इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी. हीटर हा या फेऱ्यातील उंचावरचा भाग असल्याने पाणी थोडे जरी कमी झाले तरी तेथे प्रथम हवा शिरते. पाणी कमी आढळल्यास केवळ भरून थांबू नये. ते गेले कोठे हे शोधावे. बंद फेऱ्यातील पाणी उगीच नाहीसे होत नाही.

दुसरी परीक्षा उष्णमान दाखविणाऱ्या काट्याची. बराच वेळ गाडी चालवूनही काटा खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याचा संभव असतो. मग पाणी पुरते तापत नाही, हीटर कोमट राहतो व इंधनही अधिक जळते. हा भाग हीटर कॉइलच्या मानाने स्वस्त असून बदलण्यासही सहसा सोपा असतो. उलट तो बंद अडकला तर इंजिन तापून जाते. काही लोक अशा वेळी थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. द्वारपाल चुकला म्हणून दारच काढून टाकण्यासारखा हा प्रकार आहे.

तिसरी परीक्षा दोन नळ्यांची. इंजिन तापल्यावर ते बंद करून, पंख्यापासून हात दूर ठेवून, हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना बाहेरून जपून स्पर्श करावा. दोन्ही गरम असतील तर पाणी नीट वाहत आहे. दोष पंख्यात किंवा गरम व थंड हवा मिसळणाऱ्या झडपेत शोधावा. एक गरम व दुसरी थंड असेल तर कॉइल तुंबली आहे, किंवा वाटेतील तोटी बंद आहे. दोन्ही थंड असतील तर पाणी तेथवर पोहोचतच नाही; त्याचे कारण कमी पाणी, अडकलेली हवा, बंद तोटी किंवा थर्मोस्टॅट यांपैकी एक असावे. एका स्पर्शाने केवढे ज्ञान होते पाहा!

चौथी परीक्षा नाकाची व पायांची. काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, गोडसर वास येत असेल, व पुढच्या आसनाखालची चटई ओली होत असेल, तर कॉइल फुटली असे बहुधा समजावे.

कॉइल केवळ तुंबली असेल तर तिच्या दोन्ही नळ्या सोडवून उलट दिशेने मंद दाबाचे पाणी सोडून ती धुता येते. पुष्कळ वेळा एवढ्याने काम भागते. फुटली असेल तर मात्र खरा खटाटोप सुरू होतो.

५. लहान वस्तू, मोठे काम

कारखान्यात गाडी जुळविताना हीटरची पेटी आधी बसवितात व मग तिच्यापुढे डॅशबोर्ड उभा करतात. जुळविणाऱ्यास हे सोयीचे असते. दुरुस्त करणाऱ्यास मात्र घराच्या पायातील एक वीट बदलण्यासारखा प्रसंग येतो. अनेक गाड्यांत सुकाणूचा दांडा सैल करावा लागतो, तारांची जुडी सोडवावी लागते, व अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या चुकून फुटू नयेत म्हणून बॅटरी आधी तोडावी लागते. थंड हवेचे यंत्र त्याच पेटीत असेल तर त्यातील वायूही यंत्राने काढून घ्यावा लागतो. अशा कामात एक अख्खा दिवस सहज जातो. म्हणून सुट्या भागाच्या किमतीपेक्षा मजुरी अधिक झाली तर मालकाने मिस्त्रीवर संशय घेऊ नये. मात्र काम सुरू होण्यापूर्वी कोणत्या परीक्षा केल्या, हे विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. आणि चांगला मिस्त्री त्याचे उत्तर आनंदाने देतो.

येथे एक मधला मार्गही आहे. हीटरच्या दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून कॉइल वाटेतून वगळावयाची. पाण्याचा फेरा अखंड राहील अशा रीतीने हे केले तर इंजिनास अपाय होत नाही. ज्या शेतकऱ्याची जीप देवगावहून लासूर स्टेशन व कन्नड यांपलीकडे क्वचितच जाते, आणि ज्याच्या घरी पेरणीसाठी पैसा हवा आहे, त्याने एका हंगामापुरता हा मार्ग पत्करला तर त्यास मूर्ख म्हणता येणार नाही. तथापि गाडी विकताना ही गोष्ट लपवू नये, व आपण काय गमावले हेही जाणावे.

६. उष्ण प्रदेशातही हीटर का हवा?

गमावतो ते दोन प्रकारचे. पावसाळ्यात कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना औट्रम घाट लागतो. खानदेशात १८२५ साली भिल्ल पलटण उभारणारा जो जेम्स औट्रम, त्याच्या नावावरून हा घाट ओळखला जातो. भोवतालचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. श्रावणात येथे ढग रस्त्यावर उतरतात व प्रवाशांच्या श्वासातील वाफ थंड काचेवर धरते. समोरचे दिसेनासे होते. अशा वेळी गरम हवेचा झोत काचेवर सोडला की ती स्वच्छ होते. घाटात दिसणे व न दिसणे यांत जीव व मृत्यू यांचे अंतर असू शकते.

दुसरा लाभ उन्हाळ्यातील आहे व तो ऐकून तुम्हास आश्चर्य वाटेल. चाळीसगावहून भरलेली गाडी घाट चढू लागली व उष्णमानाचा काटा वर जाऊ लागला, तर थंड हवेचे यंत्र बंद करून हीटर पूर्ण चालू करावा व खिडक्या उघडाव्यात. प्रवाशांस घाम फुटेल. परंतु धाकटा रेडिएटर थोरल्याच्या मदतीस धावून काही उष्णता बाहेर नेईल, आणि गाडी सुरक्षित जागी थांबविण्यास अवधी मिळेल.

आपल्या मुलखात बसगाड्यांची सरकारी व्यवस्था जुनी आहे. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी ती सुरू केली. त्या काळच्या गाड्यांस चढणीवर पाणी पाजावे लागे, यात नवल नव्हते. कारण पाणी उघड्या दाबावर उकळे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंच असल्याने येथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांवरच उकळते. आधुनिक गाडीत रेडिएटरचे झाकण आतील दाब वाढवून ठेवते. हा दाब हवेच्या दाबाहून आणखी तितकाच अधिक असला तर साधे पाणीदेखील सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही.

परंतु याच कारणाने तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे अत्यंत घातक आहे. झाकण फिरताच दाब नाहीसा होतो, शंभर अंशांहून अधिक तापलेले पाणी तत्क्षणी उसळून वाफ होते व तोंड-हात भाजून निघतात. इंजिन निवेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास, थांबावे. आणि तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, कारण असमान आकुंचनाने धातूस तडा जातो. अर्ध्या तासाची घाई कित्येकांस जन्माची खूण देऊन गेली आहे.

अशीच एक सूचना हिवाळ्याची. ऊब मिळावी म्हणून सर्व काचा लावून, इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडीत कोणी झोपू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस ना रंग, ना वास. तो आत झिरपला तर मनुष्य जागा न होताच मरण पावतो. लग्नाच्या वऱ्हाडास गेलेल्या मंडळींनी व रात्रपाळीच्या चालकांनी ही गोष्ट विसरू नये.

७. उपसंहार

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता आपल्याही रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. त्यांत पेट्रोल जळत नाही, म्हणून टाकाऊ उष्णताही फारशी नसते. ऊब हवी तर ती बॅटरीतील वीज खर्चूनच मिळवावी लागते, व तितके अंतर कमी कापले जाते. जी वस्तू पेट्रोलच्या गाडीत फुकट मिळत होती तिचे मोल असे ध्यानात येते.

विद्यार्थ्यांनी या सर्व विवेचनातून एक गोष्ट विशेषेकरून घ्यावी. यंत्र आपल्याशी बोलत असते. काट्याने, वासाने, नळीच्या उष्ण वा थंड स्पर्शाने ते आपले दुखणे सांगते. जो शांतपणे ऐकतो त्यास थोड्या खर्चात उपाय सापडतो, व जो ऐकत नाही त्यास डॅशबोर्ड उखडून पाण्याची पातळीच कमी होती असे कळते. गावातील गॅरेजमध्ये काळ्या हातांनी काम करणारा मिस्त्री हा या अर्थी पदार्थविज्ञानाचा जाणकारच होय. सुट्टीच्या दिवशी त्याच्या परवानगीने तासभर त्याच्याजवळ उभे राहा, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून तो उघडताना पाहा, आणि पुस्तकातील प्रसरणाचा नियम प्रत्यक्ष डोळ्यांनी वाचा.